वॅक्स लावायचे फोम पॅड : धुतल्यावर कोणता टिकतो आणि कोणता नाही

गाडीला हाताने वॅक्स लावायचे ते गोल फोमचे पॅड मिळतात ना, त्यांचे रिव्ह्यू वाचायला घेतले की सगळीकडे तेच ते, मऊ आहे, हातात छान बसतो, वॅक्स एकसारखं पसरतं, पाच स्टार. अहो पण नवा कोरा पॅड कुठलाही घ्या, पहिल्यांदा तो छानच चालतो. त्यात वॅक्स जिरलं, वाळलं, मग तो धुतला, सुकवला, परत हातात घेतला, तेव्हा तो कसा आहे हे कोणी लिहीतच नाही आणि माझ्या मते पॅड चांगला की वाईट हे तिथेच ठरतं. म्हणून हा रिव्ह्यू धुण्याचाच आहे, लावण्याबद्दल जेवढ्यास तेवढं.

माझ्याकडे तीन प्रकारचे पॅड आहेत आणि तिन्ही भरपूर वापरून झालेत. एक म्हणजे साधा पिवळा गोल पॅड, साधारण ४ इंचाचा, इंचभर जाड, सगळा एकाच फोमचा, शिवण नाही कापड नाही काही नाही. दुसरा आतून फोम आणि वरून मायक्रोफायबरचं कव्हर शिवलेला, मागे बोटं घालायला इलॅस्टिकचा पट्टा असतो तो. आणि तिसरा दोन थरांचा, खाली मऊ काळा फोम, वर धरायला जरा कडक पांढरा फोम, दोन्ही एकमेकांना चिकटवलेले. दिसायला तिसरा सगळ्यात भारी. टिकायला पहिला. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको.

आता पॅड नुसत्या पाण्याने स्वच्छ का निघत नाही ते बघा, कारण बरेच जण नळाखाली धरतात, दोन वेळा दाबतात आणि झाला स्वच्छ म्हणतात. कार्नोबा वॅक्स येतं ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून, ते पान आपल्या अंगावर हा मेणाचा थर चढवतं तेच मुळी आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. म्हणजे पाण्याशी न जमणं हा त्याचा स्वभावच आहे आणि त्यासाठीच तर आपण ते गाडीवर लावतो. तोच थर फोमच्या छिद्रांमध्ये बसला की तिथेही पाण्याला आत येऊ देत नाही, पाणी वरून वाहून जातं आणि आतलं मेण जागच्या जागी. शुद्ध कार्नोबा वितळतं साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला, त्यामुळे गरम नळाच्या पाण्याने ते वितळून वाहून जाईल ही आशा सोडा. डब्यातलं पेस्ट वॅक्स नुसतं कार्नोबा नसतं, त्यात तेलं, सॉल्व्हंट, बाकीची मेणं मिसळलेली असतात म्हणून ते कोमट पाण्यात मऊ पडतं, एवढाच काय तो फायदा. मऊ पडलेलं मेण धरून बाहेर काढायला साबण लागतोच, कारण साबणाच्या कणाचं एक टोक तेलकटाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला.

आणि उकळत्या पाण्यात टाकायचा मोह होतो तो आवरा. एवढ्या उष्णतेत चिकटवलेल्या पॅडचा गोंद सुटतो, आणि साधा फोमसुद्धा पुन्हा पुन्हा तसं केलं की स्प्रिंग गेल्यासारखा लिबलिबीत होतो, दाबला की दबलेलाच राहतो.

मी करतो ते असं. वॅक्स लावून झालं की पॅड बाजूला ठेवून गाडी पुसायला लागायचं नाही, आधी पॅड कोमट पाण्याच्या बादलीत टाकायचा, पाणी हाताला आरामात सोसेल इतपत, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब. तो तिथे १५-२० मिनिटं पडू दे, तोपर्यंत गाडी पुसून होते. मग पॅड पाण्याखालीच धरून दोन्ही तळहातांत दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा. पहिल्या काही दाबांना काहीच होत नाही, वरवर फेस येतो फक्त. मग एकदम पॅडच्या मधून दुधाळ ढगासारखं पाणी सुटायला लागतं, ते दिसलं की समजायचं साबण आतपर्यंत पोचला. त्यानंतर अंगठ्याने कडेकडेने दाबत फिरायचं कारण मेण सगळ्यात जास्त कडेला साठतं, आपण गाडीवर गोल फिरवताना जोर कडेवरच जास्त येतो. बोटाला जिथे मेणचट, जरा कडक लागेल तिथे थेट लिक्विडचा थेंब घालून मऊ ब्रशने हलकेच चोळायचं. मऊ म्हणजे खरंच मऊ, कपडे घासायचा कडक ब्रश घेतलात तर फोमचा वरचा पापुद्रा निघेल आणि नंतर वॅक्स लावताना गाडीवर बारीक बारीक पिवळे कण पडत राहतील.

पिळायचं नाही. हे परत एकदा लिहितो, पिळायचं नाही. फोमला दाब सहन होतो, पीळ सहन होत नाही, पिळला की आतून चिरतो आणि ते बाहेरून लगेच दिसत नाही, मग एक दिवस वॅक्स लावताना हातात दोन तुकडे. पाणी काढायला दोन तळहातांमध्ये सपाट दाबायचा, नाहीतर जुन्या कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबायचा, दुसऱ्या पद्धतीने पाणी जास्त निघतं.

कशाने धुवायचं यावर मी बऱ्याच गोष्टी करून बघितल्यात. भांड्यांचं लिक्विड कार्नोबाच्या साध्या पेस्ट वॅक्सला पुरेसं आहे, ताजं असेल तर. मेण वाळून दोन दिवस झाले असतील तर मात्र ते कमी पडतं, तिथे ऑल पर्पज क्लीनर घ्या, एक भाग क्लीनर आणि दहा भाग पाणी असं पातळ करून, पॅडवर स्प्रे करून पाचेक मिनिटं थांबायचं मग पाण्यात. संत्र्याच्या सालीच्या तेलावर बनलेले डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारे क्लीनर, पण मिळतात, त्यातलं लिमोनीन मेण फार छान सोडवतं, माझ्या अनुभवात जुन्या वाळलेल्या पॅडवर याच्यासारखं काही नाही, पण ते पातळ करूनच वापरा आणि जास्त वेळ भिजत ठेवू नका, कारण मेणाला जे सोडवतं ते गोंदालाही सोडवतं आणि फोम फुगतो तो वेगळाच. पॅड धुवायची म्हणून खास पावडर मिळते ती पण वापरली, चांगली आहे, पण ती मुळात पॉलिशिंग मशीनच्या पॅडसाठी असते, ज्यांच्याकडे एकावेळी ढीगभर पॅड धुवायला असतात त्यांनी घ्यावी. हाताच्या दोन पॅडसाठी वेगळी वस्तू आणायची मला काही गरज वाटली नाही. अंगाचा साबण चोळणारेही आहेत, पण अंगाच्या बऱ्याच साबणांत त्वचा मऊ राहावी म्हणून तेलकट घटक घातलेले असतात, मग एक तेलकटपणा काढून दुसरा भरायचा, त्यात काय अर्थ.

पेट्रोल, थिनर, रॉकेल याने पॅड धुवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मेण विरघळतं हे खरं आहे, पण फोम त्यात फुगतो, नंतर ठिसूळ होतो, आत राहिलेला अंश पुढच्या वेळी थेट पेंटवर जातो, आणि उघड्या भांड्यात पेट्रोल घेऊन बसणं म्हणजे आगीशी खेळ. एका पॅडसाठी हे कशाला करायचं.

मायक्रोफायबर कव्हरवाल्याचं प्रकरण वेगळं. कव्हर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडच्या अतिशय बारीक धाग्यांचं, ते मेण पटकन पकडतं पण साबणाच्या पाण्यात सोडतंही पटकन, कव्हर पाच मिनिटात स्वच्छ दिसायला लागतं. अडचण आतल्या फोमची. लिक्विड वॅक्स असेल तर ते कव्हरमधून झिरपून आत जातं आणि तिथपर्यंत ना बोट पोचतं ना ब्रश. वरून पांढराशुभ्र दिसणारा पॅड नीट सुकल्यावर दाबला की आत एक कडक गाठ लागते, ती तीच. म्हणून मी हा प्रकार फक्त घट्ट पेस्टसाठी वापरतो, लिक्विडला नाही. मशीनमध्ये धुवायचा असेल तर जाळीच्या पिशवीत घालून हलक्या सायकलवर, आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको कारण सॉफ्टनर धाग्यांवर स्वतःचा थर चढवतो आणि मग मायक्रोफायबरचं शोषणं पुसणं दोन्ही कमी होतं. सुती टॉवेलांबरोबर तर मुळीच टाकू नका, टॉवेलाचा सगळा बुरा हा पॅड गोळा करून आणतो. इलॅस्टिकचा पट्टा मात्र माझ्या पॅडचा एका बाजूने उसवलाय, शिवण फार कच्ची घातलेली होती, बनवणाऱ्यांनी तिथे एक टीप जास्त मारली असती तर काही बिघडलं नसतं.

दोन थरांच्या चिकटवलेल्या पॅडबद्दल माझी खरी तक्रार आहे. वॅक्स लावायला हा तिघांत सगळ्यात सुखाचा, वरचा कडक भाग हातात घट्ट राहतो, खालचा मऊ भाग बॉनेटच्या वळणावर, दाराच्या हँडलखालच्या खोलगट जागेत मस्त बसतो, बोटांचा दाब एका जागी पडत नाही. पण साध्या कोमट पाण्यात, साध्या लिक्विडने धुऊनसुद्धा थोड्याच धुण्यांत कडेने थर सुटायला लागले. आधी नखभर फट, मग त्या फटीत मेण जाऊन बसतं, ते काढायला तिथे बोट घालावं तर फट अजून वाढते. ज्या वस्तूचं कामच मेण आणि साबण यांच्यात आहे तिचा गोंद एवढ्यावर सुटावा हे मला पटत नाही. पाकिटावर पुन्हा पुन्हा धुता येतो असं छापलेलं असेल तर तो धुता आला पाहिजे. घ्यायचाच असेल तर गोंदाने चिकटवलेला नको, कडेने शिवलेला मिळाला तर बघा.

सुकवणं हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात. फोम उन्हात टाकायचा नाही, पॉलीयुरेथेन फोमला अतिनील किरणं सोसत नाहीत, आधी पिवळा पडतो मग वरून भुसभुशीत होतो, बोटाने घासलं तर पावडर निघते, तसला पॅड गाडीला लावायचाच नाही. सावलीत, वारा लागेल तिथे, आणि आडवा नाही तर कडेवर उभा करून ठेवायचा म्हणजे पाणी खाली उतरत जातं आणि दोन्ही बाजूंना हवा लागते. जाड पॅड वरून कोरडा लागला तरी आतून ओला असतो, म्हणून दाबून गालाला लावून बघा, गार लागला तर अजून पाणी आहे. ओला पॅड झिपच्या पिशवीत बंद केला की कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते काही केल्या जात नाहीत. हेअर ड्रायरने घाई करू नका, गरम हवेने वरचा थर आधी सुकून कडक होतो आणि आत पाणी तसंच.

सिंथेटिक सीलंट, म्हणजे नैसर्गिक मेणाऐवजी पॉलिमरचा संरक्षक थर देणारं लिक्विड, वापरणाऱ्यांनी तर पॅड धुवायला अजिबात उशीर करू नये. कार्नोबा वाळलं तरी ते मेणच असतं, परत मऊ करता येतं. पॉलिमर सीलंटचं तसं नाही, त्यातला सॉल्व्हंट उडून गेला की ते घट्ट होत जातं आणि एकदा पक्कं झालं की साबणाने सुटत नाही. त्यामुळे सीलंटचा पॅड ताबडतोब पाण्यात. आणि सिरॅमिक कोटिंग ज्याने लावलं तो पॅड किंवा ते कापड धुवायच्या भानगडीत पडूच नका, ते सुकून काचेसारखं कडक होतं, पुन्हा वापरलं तर पेंटवर ओरखडे ठरलेले. ते एकदाच वापरून टाकून द्यायचं, तिथे काटकसर नको.

ओरखड्यांवरून आठवलं, एवढी सगळी मेहनत कशासाठी, तर गाडीच्या रंगावर जो क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॅडमध्ये वाळलेलं मेण कडक कडांनी घासतं, त्यात धुळीचा एखादा कण अडकलेला असला की मग गोल गोल जाळ्या उमटतात त्या उन्हात गाडी उभी केली की लगेच दिसतात. म्हणून माझा एक नियम आहे, पॅड जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता तो बाद. झटकून, फुंकर मारून परत वापरायचा नाही, खडा फोमच्या छिद्रात गेला की झटकून निघत नाही. सरळ धुण्यात टाका आणि दुसरा घ्या, हे पॅड पाकिटात एकापेक्षा जास्त येतात ते यासाठीच. याच कारणासाठी वापरलेला पॅड तसाच वॅक्सच्या डब्यात झाकण लावून ठेवायची सवय पण वाईट, बरेच डबे पॅड आत ठेवूनच येतात म्हणून लोकांना वाटतं तीच त्याची जागा. पॅडवरची धूळ डब्यातल्या मेणात उतरते आणि मग पुढे कितीही स्वच्छ पॅड घेतलात तरी कचरा डब्यातूनच येणार.

एक पॅड एका कामाला. वॅक्सचा वेगळा, सीलंटचा वेगळा, डॅशबोर्डचा वेगळा आणि टायरचा तर पूर्ण वेगळा, त्यावर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवा. टायर चमकवायला लावतात त्या टायर ड्रेसिंगमधलं सिलिकॉन धुऊन पूर्ण जात नाही आणि टायरवरची माती पण त्यात असते, तो पॅड चुकूनही बॉनेटवर यायला नको. पेंटचे पॅड म्हातारे झाले, म्हणजे दाबल्यावर उसळून वर येत नाहीत किंवा कडेचे तुकडे पडायला लागले, की ते टायरकडे पाठवायचे, टायरचे थकले की फेकायचे. उलट्या दिशेने प्रवास नाही.

धुतलेला पॅड खरंच स्वच्छ झाला का हे बघायला माझी एक साधी पद्धत आहे. पूर्ण सुकल्यावर तो स्वच्छ काचेवर किंवा आरशावर जरा दाबून फिरवायचा आणि तिरप्या उजेडात बघायचं. धुरकट पट्टा उमटला तर मेण शिल्लक आहे, परत बादलीत. पट्टा नाही उमटला तर पिशवीत बंद करून ठेवून द्या. डोळ्याने पॅड बघून हे कळत नाही, पिवळ्या पॅडवर कळतं थोडंफार, काळ्यावर अजिबात नाही कळत, आणि म्हणूनच मला पॅड फिक्या रंगाचेच आवडतात. फिक्या पॅडचा आणखी एक उपयोग म्हणजे पॅडवर गाडीचा रंग उतरला तर लगेच दिसतो. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या पद्धतीच्या पेंटला थोडा रंग येणं स्वाभाविक आहे, विशेषतः वॅक्समध्ये सफाईचे घटक असतील तर, पण क्लिअर कोटवाल्या गाडीवर रंग यायला लागला तर थांबा आणि तिथे काय झालंय ते बघा.

आणि नवीन पॅडसुद्धा वापरायच्या आधी एकदा धुऊन घ्या. कापताना राहिलेला फोमचा चुरा त्याच्या कडांना असतो, पहिल्या धुण्याच्या पाण्यात तो तरंगताना दिसतो, नाही धुतला तर तो वॅक्सबरोबर गाडीवर. वॅक्स लावायच्या आधी पॅडवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर पॅड कोरड्यासारखा वॅक्स पिऊन टाकत नाही, थर पातळ बसतो, पुसायला सोपा जातो आणि धुवायलाही निम्मी मेहनत. बोटभर वॅक्स घेऊन जाड थर दिल्याने चमक वाढत नाही हो, वरचं सगळं पुसूनच काढायचं असतं, उरलेलं पॅडमध्ये जाऊन बसतं.

तर माझे मार्क असे. साधा एकसंध फोमचा पिवळा पॅड, ५ पैकी साडेचार, अर्धा यासाठी कापला की धरायला काहीच नाही, साबणाच्या हाताने किंवा लिक्विड वॅक्स लावताना निसटतो आणि मग जमिनीवर. मायक्रोफायबर कव्हरवाला ५ पैकी साडेतीन, पेस्टसाठी घ्या, लिक्विडसाठी नको, घेताना पट्ट्याची शिवण ओढून बघा. दोन थरांचा चिकटवलेला ५ पैकी २, ते दोन पण फक्त हाताला बसतो म्हणून. तो कोणी एकाच तुकड्यातून, वर जरा खाच ठेवून बनवला तर मी लगेच घेईन, तोपर्यंत पिवळेच, आणि घ्यायचे तर मोठं पाकीट घ्या म्हणजे एक धुण्यात, एक सुकत आणि एक हातात असं चालू राहतं.